ब्रूटल डूम उघडतानाच बंद पडतं किंवा गर्दीत अडखळतं, तेव्हा

ऐरोलीहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जीझेडडूमवर (जुना डूम खेळ आजच्या संगणकावर चालवणारं इंजिन) ब्रूटल डूम (त्या खेळाचं रूप बदलणारी जोडफाइल, म्हणजे मॉड) आणि एक नकाशांचा वॅड (डूमचा डेटा असलेली फाइल) एकत्र टाकला की लाल अक्षरांत चुका येऊन खेळ बंद पडतो. नुसतं ब्रूटल डूम चालतं, पण मोठ्या हाणामारीत अडखळतं. मग वाशीला जाऊन रॅम 4ची 8 जीबी करून घ्यावी का? यासाठी तरी पैसे घालू नका.

आधी मूळ डेटा बघा. मॉडमध्ये शस्त्रं, राक्षस, रक्त असं सगळं असतं, पण 1993च्या डूमचे किंवा डूम 2चे नकाशे त्यात नसतात. ते तुमच्याकडच्या मूळ खेळाच्या वॅडमधूनच येतात. डूम 2च्या 1.9 आवृत्तीचा वॅड बरोब्बर 1,46,04,584 बाइटचा असतो. तुमच्याकडे 9 नकाशांचा शेअरवेअर (फुकट वाटलेल्या नमुन्याचा) वॅड असेल, तर त्यावर मॉड चढणारच नाही. मूळ खेळ विकत घेतलेला नसेल तर त्याच्या डेटाऐवजी चालणारं फ्रीडूम मोफत मिळतं. चित्रांची थोडी सरमिसळ दिसेल, पण खेळता येतं.

आता लाल अक्षरं. लोक शेवटची ओळ वाचतात. वाचायची ती पहिली. चुकीपाशी फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा असतो. तिथे नकाशांच्या वॅडचं नाव दिसलं, तर त्या वॅडने स्वतःचे राक्षस आणलेत आणि त्यांची ब्रूटल डूमशी टक्कर होतेय. असे वॅड सोडून द्या. डेहॅकेड पॅच (राक्षस-शस्त्रांचं वागणं बदलणारी जोड) असलेले वॅडही नकोत: खेळ सुरू होईल, पण राक्षस विचित्र वागतील. निव्वळ नकाशे असलेले वॅडच घ्या. नाव ब्रूटल डूमचंच असेल, तर मॉड आणि जीझेडडूमच्या आवृत्त्या जुळत नाहीत. मॉडसोबतच्या माहितीत सांगितलेलं इंजिन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आवृत्ती बदलली की जुने सेव्ह चालतील असं धरू नका.

क्रमही महत्त्वाचा आहे. नंतर चढलेली फाइल आधीचीवर मात करते, म्हणून नकाशे आधी, ब्रूटल डूम नंतर. विंडोजमध्ये दोन्ही फाइली निवडून जीझेडडूमवर ओढताना माउस ज्या फाइलवर दाबाल ती पहिली जाते. म्हणजे नकाशांच्या फाइलला धरून ओढा. आणि बाहेरची झिप उघडा, पण आतली पीके3 (मॉडची मूळ फाइल) उघडू नका, ती आहे तशीच लागते.

अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड नसतं. रक्ताचा प्रत्येक शिंतोडा, मांसाचा तुकडा, उडालेलं काडतूस हे इंजिनच्या लेखी एकेक वेगळी वस्तू आहे, आणि त्या सगळ्यांचा हिशोब प्रोसेसरच्या एकाच कोअरवर होतो. पन्नास राक्षस एका खोलीत फुटले की तो कोअर दमतो. मॉडच्या पर्यायांत रक्त आणि तुकडे कमी करा, डायनॅमिक लाइट (स्फोट-गोळीबारासोबत बदलणारा प्रकाश) बंद करा. ठाण्या-नवी मुंबईच्या मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवला तर हवा कोंडते, प्रोसेसर तापून वेग उतरवतो आणि त्याच कोअरची चाल मंदावते. टेबलावर ठेवा, जाळी साफ करून घ्या.

खेळायच्या आधी रीलोड आणि लाथ यांना कळा नेमा, माउसने वर-खाली बघणं चालू करा, ऑटोएम (आपोआप नेम धरणं) बंद ठेवा. डोक्यावरचा नेम इथे खरंच कामाला येतो. जुन्या नकाशांत उडी मात्र बंदच ठेवा. ते नकाशे उडी नाही हे धरूनच आखलेत, एका उडीत अर्धी चावी-दारांची रचना वाया जाते.