अण्णा वाचले, तरी गेल्यासारखे का वाटते?

समुपदेशनाच्या खोलीत काही प्रश्न असे येतात की ते उच्चारण्याआधी माणूस बंद दाराकडे एकदा पाहून घेतो. वडील मोठ्या दुखण्यातून वाचले, घरी आले, सगळे देवाचे आभार मानत आहेत, मग मला मात्र ते गेल्यासारखे का वाटते, आणि असे वाटणारी मी कसली मुलगी, हा त्यांपैकी एक प्रश्न आहे. इतक्या वर्षांत तो मी अनेकांच्या तोंडून ऐकला. कधी मुलाने विचारला, कधी सुनेने, एकदा तर सत्तरीच्या बहिणीने भावाविषयी विचारला. येथे सांगते तो अनुभव एका ताईंचा आहे. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून तो लिहीत आहे.

ताई अडतीस वर्षांच्या, पुण्यात एका बँकेत अधिकारी. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, कराडजवळच्या गावात राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय एकाहत्तर. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी अण्णांच्या उजव्या हातातून चहाची कपबशी निसटली, ओठ एका बाजूला ओढले गेले आणि शब्द जड येऊ लागले. आईंना वाटले, साखर कमी झाली असावी. त्यांनी ताईंना फोन लावला, तेव्हा शाखेत काउंटरवर गर्दी होती. "जरा पडू द्या त्यांना, अर्ध्या तासात मी करते फोन," असे ताई म्हणाल्या. तो अर्धा तास दीड तासाचा झाला. शेजारच्यांनी पाहून "अंगावरून वारं गेलंय" असे ओळखले, गाडी काढली, आणि शहरातल्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाल्यावर मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाल्याचे कळले. अण्णा अठरा दिवस तिथे होते. नाकातली नळी निघाली, जिवावरचा धोका टळला, परंतु उजवा हात निर्जीव राहिला आणि बोलणे जवळजवळ थांबले.

ताई माझ्याकडे आल्या त्या जानेवारीत, झोप येत नाही म्हणून. रात्री तीन वाजता जाग येई, फोन तपासला जाई, तो नुसता थरथरला तरी छातीत धस्स होई. तिसरीतल्या मुलीवर त्या क्षुल्लक कारणावरून ओरडत आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहत. दर शुक्रवारी रात्रीच्या एसटीने कराड, रविवारी परत. विम्याचा दावा, फिजिओथेरपीच्या वेळा, औषधांचा तक्ता, दिवसा सांभाळणाऱ्या मावशी, हे सगळे त्यांनी चोख लावले होते. त्या फाईल घेऊनच आल्या होत्या. रडू मात्र एकदाही आले नव्हते, आणि त्याचेही त्यांना भय वाटत होते.

दुसऱ्या भेटीत, जाण्याची वेळ झाली असताना, त्यांनी ते वाक्य बोलून टाकले. "भेटायला येणारे सगळे म्हणतात, वाचले हेच पुष्कळ. मी मान हलवते. पण मला आतून वाटतं की माझे अण्णा गेले, आणि पलंगावर आहेत ते दुसरेच कोणीतरी आहेत. असं वाटणं पाप आहे ना?" ती भेट मी लांबवली. सहसा मी असे करीत नाही.

आपल्याकडे मृत्यूच्या दुःखाला जागा आहे. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या घरांतून पिठले-भाकरी येते, सुतक असते, दहावा असतो, तेरावा असतो, आणि त्या तेरा दिवसांत कोणी रडले तर त्याला "सावर" म्हणणारे असले तरी "का रडतोस" म्हणणारे कोणी नसते. आजारातून वाचलेल्या, पण पूर्वीचे न राहिलेल्या माणसाच्या दुःखाला मात्र ना दिवस नेमलेला आहे, ना विधी. माणसे शहाळी घेऊन येतात, आपल्या ओळखीत कोणाला लकवा झाला होता ते सविस्तर सांगतात, आणि घरातली बाई त्यांच्यासाठी चहा टाकते. दुःख झालेले असते, पण ते कोणाजवळ आणि कोणत्या शब्दांत मांडावे याची रीतच आपल्याजवळ नसते. पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, या अवस्थेला एक नाव दिले. मराठीत आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू शकतो. ते सैनिक घरच्यांच्या मनात होते, पण समोर नव्हते. पुढे बॉस यांनी हाच विचार स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या घरांनाही लावून पाहिला, जिथे माणूस समोर असतो आणि तरी हरवलेला असतो. ताईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी त्या दोन शब्दांचा उच्चार स्वतःशी दोनदा केला. आपल्या अवस्थेला नाव आहे, म्हणजे ती इतरांचीही झालेली आहे, एवढ्यानेही माणसाचे खांदे थोडे खाली येतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

त्यानंतर आम्ही एक काम केले, जे वरवर साधे दिसते, परंतु करायला जड असते. अण्णा गेल्यासारखे वाटते म्हणजे नेमके काय गेले, ते एकेक करून सांगायचे. पहिल्यांदा त्या मोठमोठे शब्द वापरत होत्या, आधार गेला, छत्र गेले. मी विचारत राहिले, "आणि आठवड्यातलं काय गेलं?" बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "रविवारचा आठचा फोन." लग्न झाल्यापासून चौदा वर्षे, दर रविवारी रात्री आठ वाजता अण्णांचा फोन येत असे. शाळेची घंटा व्हावी तसा. ते नातीला एखादे तोंडी गणित घालीत, ताईंना बँकेतल्या बदलीविषयी विचारीत आणि तीनचार मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणत. हे सांगताना ताई रडल्या, आठ आठवड्यांनी पहिल्यांदा. ज्या वडिलांसाठी रडायचे ते वडील समोर जिवंत असताना रडता येते, आणि त्यामुळे त्यांचे आयुष्य कमी होत नाही, हे त्यांना कोणीतरी स्पष्टपणे सांगण्याची गरज होती. मी ते सांगितले.

अपराधभाव मात्र एवढ्याने हलला नाही. तो त्या अर्ध्या तासात अडकून बसला होता. अशा वेळी समुपदेशकाला "तुमची काही चूक नाही" असे म्हणण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा, कारण ज्या गोष्टीचे ज्ञान आपल्याला नाही तिच्याविषयी दिलेली माफी रात्री तीन वाजता टिकत नाही. मी त्यांना सुचवले की हा प्रश्न तसाच्या तसा, न घाबरता, अण्णांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. त्यांनी विचारला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रुग्ण झोपेतून उठतानाच लक्षणे घेऊन उठला तर घड्याळ मोजायचे ते तो शेवटचा ठीक दिसला त्या वेळेपासून. आईंना आता आठवले की अण्णा त्या दिवशी उठले तेव्हाच सदऱ्याची बटणे त्यांना लावता येत नव्हती. म्हणजे हिशेब आदल्या रात्री दहापासूनचा होता. काही मोठ्या केंद्रांत एमआरआय पाहून अशा रुग्णांबाबत वेगळा निर्णय घेतला जातो, पण ती सोय तिथे नव्हती. डॉक्टरांनी हेही सांगितले की तोंड वाकडे होणे, एका हातातले बळ जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर क्षणही न दवडता निघावे, आणि अशा वेळी साखरपाणी किंवा काहीही पाजू नये, कारण गिळणेही बिघडलेले असू शकते. ताईंना या उत्तराने पूर्ण सुटका मिळाली नाही. पण त्यांच्या मनातला "माझ्यामुळे" हा शब्द "मला तेव्हा माहीत नव्हतं" असा झाला, आणि या दोन वाक्यांसह जगण्यात फार अंतर आहे.

अण्णांच्या रागाचा विषय निराळा होता. ते काही सांगू पाहत, भलताच शब्द बाहेर पडे, आणि ते डाव्या हाताने पांघरूण फेकून देत. ताई दिसल्या की हमसून रडत. ताईंनी याचा अर्थ लावला होता की ते आपल्यावर नाराज आहेत. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की पुष्कळ जणांना वाचाघात होतो. शब्द हाताशी येत नाहीत, पण बुद्धी आणि माया जागच्या जागी असतात. पक्षाघातानंतर कधीकधी रडण्यावरचा मेंदूचा ताबाही सुटतो, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना खरे नैराश्य येते, म्हणून दोन्ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात असे मी सांगितले. वाचा उपचारतज्ज्ञांनी घरच्यांना शिकवले ते असे: टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट विचारा; हो-नाही अशा उत्तराची विचारा; आणि त्यांचे वाक्य तुम्ही पुरे करू नका, थांबा. मास्तर माणसाला शब्द सुचवणे म्हणजे काय, हे ताईंनाच आधी उमगले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नात पलंगाशेजारी बसून पाढे पाठ करीत होती. "सात सक्कं" पाशी ती अडली, आणि पलंगावरून स्पष्ट आवाज आला, "बेचाळीस." मग अण्णांनी पुढचा सगळा पाढा म्हटला. घरभर फोन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना "पाणी" हा शब्द आला नाही, आणि ताईंचा फोन मला आला तो पहिल्या आठवड्यापेक्षाही खचलेल्या आवाजात. वर्षानुवर्षे घोकलेले पाढे, आरत्या, वारांची नावे ही मेंदूतून निराळ्या वाटेने येतात. ती आली म्हणजे बोलणे परत आले असे नसते. हे मी त्यांना आधी सांगायला हवे होते, माझ्याकडून राहिले. आशा आणि निराशा यांच्या अशा हेलकाव्यांतच घरची माणसे सर्वांत जास्त थकतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत अधिक असतो, पण ती त्यानंतर थांबत नाही, हेही त्याच फोनवर बोलणे झाले.

धाकटा भाऊ पैसे पाठवी, पण अण्णांच्या खोलीत पाच मिनिटांवर थांबत नसे. ताईंचा त्याच्यावर राग होता. तो घाबरला आहे, बेफिकीर नाही, हे एका संयुक्त भेटीत पुढे आले आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार त्याने घेतले. रात्रीच्या फोनसाठी आम्ही एक साधी व्यवस्था केली: साडेनऊला आईंचा "निजलो" एवढाच संदेश यावा, आणि काही झालेच तर आईंनी फोन करावा, म्हणजे रात्रभर तपासत राहण्याचे कारण उरत नाही. झोप सुधारायला पाच-सहा आठवडे लागले.

ताईंचे दुःख औषधांवाचून पेलण्याजोगे होते. सर्वांचे तसे नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक मोडलेली असेल, कामाला हात लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही आला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

सप्टेंबरअखेरीस आमची अकरावी भेट झाली. रविवारी आठ वाजता आता ताई फोन करतात, आई तो अण्णांच्या डाव्या कानाला धरतात. अण्णांना "बरं" आणि "हो" येते, कधी ताईंना ते स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात आणि ताई ओ देतात. "परवा आम्ही दोघं मिनिटभर गप्पच होतो. मला फक्त त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मग ते 'बरं' म्हणाले आणि आईने फोन ठेवला." पुढची भेट हवी का, असे मी विचारले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यातली वेळ मागून घेतली.