गोठ्यावर कोणतं टिन टाकावं?

प्रश्न : सहा जनावरांचा गोठा आणि त्याला लागून कापूस ठेवायची खोली, दोन्हींवर नवीन टिन टाकायचं आहे. दुकानदार म्हणतो, जीआय सोडा, गॅल्व्हाल्यूम घ्या, जास्त टिकतं. पण जीआयवर २७५ छापलंय आणि त्याच्या टिनावर १५०. कमी आकड्याचं जास्त कसं टिकेल?
– एक शेतकरी, ता. दिग्रस

उत्तर : भाऊ, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम मुलामा चढवलाय, तेवढंच तो सांगतो. जीआयवर जस्त असतं. गॅल्व्हाल्यूमवर वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि चिमूटभर सिलिकॉन. ॲल्युमिनियम हलकं, म्हणून १५० चा थर जाडीला २७५ च्या जस्ताएवढाच भरतो, एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. ऊनपावसात ते जीआयच्या पुढे जातं, दुकानदार खोटं बोलत नाही. कापसाच्या खोलीवर खुशाल टाका.

गोठ्यावर मात्र नको. मी टाकून बसलोय. वरून अजून चकचकीत होतं, पण चौथ्या पोळ्याला गोठा झाडताना मान वर केली, तर बैल बांधतो नेमक्या त्याच पट्ट्यात आतून काळे डाग. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला आली. शेणमुताचा अमोनिया वर चढतो, हिवाळ्यात पहाटे टिनाला आतून घाम फुटतो, त्यात तो विरघळतो आणि ते पाणी ॲल्युमिनियम खातं. विकणाऱ्याकडे गेलो, तर त्याने वॉरंटीचा कागद पुढे केला : जनावरांच्या शेडला लागू नाही. घेताना हा कागद कुठे होता, कोण जाणे!

अमोनिया जस्तालाही सोडत नाही, पण गोठ्यात जीआय जास्त दम धरतं. २७५ चंच मागा, १२० चं स्वस्त म्हणून गळ्यात मारतील. आढ्याला हवा निघायला फट ठेवा. त्याशिवाय कोणतंही टिन घ्या, रडणंच आहे.

भिंतीला चुना मारताना किंवा सिमेंटचं काम करताना टिनावर शिंतोडे उडाले, तर वाळायच्या आत धुवा. कापायला ग्राइंडर नको, पत्र्याची कातर वापरा. ठिणग्यांचा चुरा चिकटतो आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके दिसतात. आणि टिन आणलं की अंगणात एकावर एक रचून भिजत ठेवू नका. मधे पाणी कोंडलं की छपरावर चढायच्या आधीच जस्ताला पांढरा बुरा येतो.