टॅबलेटवर समुद्राचा नकाशा

प्रश्न: आमची ३० फुटी बोट आहे. चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारं यंत्र) परवडत नाही. घरातला जुना टॅबलेट चालेल का? समुद्रात नेटवर्क नसतं, त्याचं काय? (वर्सोवा)

चालेल, पण आधी त्यात जीपीएसची चिप आहे का ते तपासा. सिमची सोय नसलेल्या आयपॅडमध्ये ही चिप नसते. तो आसपासच्या वायफायवरून जागा ठरवतो. म्हणून घरी सगळं ठीक दिसतं आणि किनारा सुटला की ठिपका जागीच थिजतो. अँड्रॉइडमध्ये मॉडेलनुसार फरक पडतो. वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाइल डेटा बंद करून मैदानात चालून पाहा. ठिपका तुमच्याबरोबर सरकला म्हणजे चिप आहे. नसेल तर ब्लूटूथवर चालणारा जीपीएस रिसीव्हर घ्या.

जीपीएसला नेटवर्क लागत नाही. मात्र टॅबलेट बरेच दिवस बंद असेल आणि नेटही नसेल, तर पहिली जागा सापडायला काही मिनिटं जातात, कारण उपग्रहांच्या कक्षांची माहिती उपग्रहांकडूनच सावकाश उतरते. तेव्हा धक्क्यावर असतानाच अ‍ॅप सुरू करा. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून हे अ‍ॅप वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की मार्गाची नोंद तुटते.

नकाशा सागरीच हवा. रस्त्यांच्या नकाशात खोली, खडक, बोया काहीच नसतं. नॅव्हिऑनिक्स या अ‍ॅपमध्ये वर्गणी भरून नकाशे मिळतात. ओपनसीपीएन या अ‍ॅपमध्ये ते वेगळे भरावे लागतात. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. सगळं घरी उतरवून घ्या आणि नेट बंद करून उघडतं का ते पाहा.

मार्ग आखल्यावर तो पूर्ण लांबीभर मोठा करून तपासायचाच. नकाशा लहान केला की छोटे खडक आणि उथळ जागा पडद्यावरून गायब होतात. २०१४ साली व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही बोट हिंदी महासागरातल्या प्रवाळखडकांवर चढली ती याच कारणाने: खडक नकाशात होते, पण तेवढ्या जवळून कुणी पाहिलंच नव्हतं. खांदेरी-उंदेरीकडे जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

प्रश्न: चार्जर लावूनही टॅबलेटची बॅटरी उतरत जाते. दुपारी तो तापून बंदच पडतो. (माझगाव)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. स्क्रीन पूर्ण उजेडावर आणि जीपीएस सतत चालू असेल, तर ५ व्होल्ट १ अँपिअरचा साधा चार्जर पुरत नाही. १२ व्होल्टवर चालणारा, किमान १८ वॉटचा पीडी (जलद चार्ज करणारा यूएसबी) चार्जर बसवा. १८ वॉटला तो बोटीच्या बॅटरीतून २ अँपिअरपेक्षा कमी घेतो, त्यामुळे १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरे. प्लसच्या वायरीत बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज घाला. यूएसबी केबल आखूड आणि जाड असू द्या. स्वस्त चार्जर व्हीएचएफमध्ये (बोटीवरच्या रेडिओत) खरखर आणतात. १६ नंबरच्या चॅनलवर स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) उघडून चार्जर लावा-काढा. आवाज वाढला तर चार्जर बदला.

तापण्याचं कारण ऊन. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेला आहे आणि उन्हात चार्जिंग चालू असताना तो त्याच्या पलीकडे सहज जातो. घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत तर उष्णता कोंडतेच. केबिनच्या सावलीत, मागून वारा लागेल असा बसवा. होकायंत्रापासून मीटरभर लांब ठेवा, कारण कव्हरमधलं चुंबक सुई फिरवतं. खारं पाणी गेलेल्या पोर्टला चार्जर लावू नका, पिना गंजतात. आधी पूर्ण वाळू द्या.

प्रश्न: नकाशात खोली १ मीटर दाखवते, तरी बोटी तिथून जातात. नकाशा चुकीचा आहे का? (मांडवा)

नाही. ती खोली जवळजवळ सर्वात खालच्या ओहोटीची असते. वर्तमानपत्रात ‘आज ४.५ मीटरची भरती’ असं येतं, ती उंचीही त्याच पातळीपासून मोजलेली. म्हणजे त्या भरतीला तिथे ५.५ मीटर पाणी, आणि ओहोटी ०.५ मीटरची असेल तर दीडच मीटर. उधाणाच्या दिवसांत हा फरक सहा तासांत पडतो. तक्ता पाहूनच निघा, आणि बोटीच्या तळाखाली लाटेपुरती जागा वेगळी धरा.

प्रश्न: मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये जहाजं दिसतात. बंदराचा चॅनल (मोठ्या जहाजांचा ये-जा करायचा मार्ग) ओलांडायला तेवढं पुरे का? (कुलाबा)

मुळीच नाही. इंटरनेटवरून येणारी जागा काही मिनिटं जुनी असू शकते, आणि १२ नॉटने चाललेलं जहाज पाच मिनिटांत एक सागरी मैल पुढे येतं. बोटीवर स्वतःचा एआयएस (जहाजं आपापली जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) रिसीव्हर हवा. तो व्हीएचएफ लहरींवरून थेट ऐकतो आणि वायफायने टॅबलेटला देतो. अ‍ॅपमध्ये नेटवर्क जोडणी निवडून रिसीव्हरच्या माहितीपत्रकातला पोर्टचा क्रमांक भरायचा, बहुधा १०११०. या वायफायला इंटरनेट नसल्याने टॅबलेट ते सोडून मोबाइल डेटावर जाऊ पाहतो. विचारल्यावर ‘जोडलेले राहा’ निवडा. एआयएस नसलेल्या मासेमारी होड्या आणि डोलीच्या जाळ्यांचे समुद्रात रोवलेले खुंट मात्र यातही दिसत नाहीत. त्यासाठी पुढे नजर ठेवायला एक माणूस लागतोच.