नवी कार्यकारिणी, जुन्या सह्या

प्रश्न : आमच्या वास्तुविशारद संघटनेची निवडणूक होऊन दोन महिने झाले. बँक अजून जुन्याच अध्यक्षांची सही मागते. काय करावं?
– एक सचिव, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फेरफार अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, दिलात का? बँकेला बहुधा तीच नोंद हवी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदलापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. म्हणजे तुमच्याकडे महिनाच उरलाय. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रं जोडा. घोडं पेंड खातं ते बहुधा नोटिशीपाशी: कळवलेलं असतं व्हॉट्सॲपवर आणि संघटनेच्या घटनेत लिहिलेलं असतं टपालाने. पोचपावत्या शोधाच. मागच्या कार्यकारिणीचा फेरफार मंजूर झालाय का, तेही परिशिष्ट १ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तुमच्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यात बघा. तोच लटकला असेल, तर तुमचाही अडकू शकतो.