ताबा देण्याचे दिवस

आजवर गस्तीत तू, सैनिक, पुढे चालायचास. आता चौकीचा ताबा स्थानिक पोलिसांकडे जातोय, म्हणून ते पुढे आणि तू वीस पावलं मागे. पहिले काही दिवस हे फार जड जातं. त्यांची नाकाबंदी ढिली वाटेल, झडती अर्धवट वाटेल. लगेच हात घालू नकोस. जिवावर बेतणारी चूक असेल तर तिथेच थांबव, बाकीचं गस्त संपल्यावर त्यांच्या अधिकाऱ्याला बाजूला घेऊन सांग. त्याच्याच शिपायांसमोर त्याला शिकवायला गेलास की महिन्याभराची मेहनत पाण्यात. बोलताना नजर त्याच्याकडे ठेव, दुभाष्याकडे नाही. मी ही चूक कितीतरी दिवस करत होतो.

इराकमध्ये ३० जून २००९ पर्यंत अमेरिकी लढाऊ तुकड्या शहरांतून बाहेर पडल्या. त्यानंतर त्यांच्या सैनिकांच्या वाट्याला आलं ते मुख्यतः प्रशिक्षण आणि सल्ला. तुझाही दिवस असाच लढाईशिवाय जाईल: पहारा, रायफलची सफाई, आणि मोजदाद. दारूगोळा, वायरलेस संच, जनरेटर, किल्ल्या, सगळं दोघांनी मिळून मोजा आणि सही तिथल्या तिथे घ्या. उद्यावर टाकलेली सही नंतर कुणाला सापडत नाही.

कंटाळा येईलच, आणि धोका तिथेच आहे. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने गस्तीला निघू नका. चौकी सोडण्याची तारीख घरी फोनवरही बोलू नकोस, आई कितीही खोदून विचारू दे.

आणि मोजे रोज बदल.