मायक्रोट्यूब्यूल सतत मोडत असतात, मग पेशीचा सांगाडा कोसळत कसा नाही?

‘सांगाडा’ म्हटलं की डोळ्यांसमोर हाडं येतात आणि घोळ तिथेच होतो. मायक्रोट्यूब्यूल ही पेशीच्या सांगाड्यातली, ताण देऊन सरळ धरलेली नळी आहे, आणि तिचं भवितव्य टोकाला ठरतं.

तिच्या विटा म्हणजे अल्फा आणि बीटा ट्युब्युलिन या प्रथिनांच्या जोड्या, प्रत्येकी ८ नॅनोमीटर लांब. अशा जोड्यांच्या साधारण १३ माळा कडेला कडा लावून उभ्या राहिल्या की २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते. जोडी टोकाला चिकटते तेव्हा तिच्या बीटा भागात जीटीपी हा ऊर्जा साठवणारा छोटा रेणू असतो. चिकटल्यावर थोड्याच वेळात त्यातला एक फॉस्फेट तुटून त्याचा जीडीपी होतो. आता या जोडीला वाकायचं असतं, पण शेजारणी वाकू देत नाहीत. टोकावर जीटीपीवाल्या ताज्या जोड्यांची टोपी आहे तोवर सगळं निभावतं. टोपी गेली की माळा बाहेरच्या अंगाला वळत भराभर सुटतात. त्यातून नळी मध्येच सावरून पुन्हा वाढूही शकते. एकाच मिश्रणात काही नळ्या वाढताहेत आणि काही विरताहेत, हे मिचिसन आणि कर्शनर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं.

मला सगळ्यात पटणारा पुरावा कापाकापीचा आहे. वाढत्या नळीला अतिनील किरणांच्या झोताने मधोमध कापलं की नवं धन टोक, म्हणजे भरभर वाढणाऱ्या बाजूचं टोक, तत्काळ मोडायला लागतं. क्षणापूर्वी तोच भाग ठणठणीत होता! (दुसऱ्या तुकड्याचं ऋण, म्हणजे हळू वाढणाऱ्या बाजूचं, टोक मात्र बऱ्याचदा तग धरतं. म्हणजे टोपीची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही.)

पेशीत ऋण टोक बहुधा गॅमा ट्युब्युलिनच्या कड्याने झाकलेलं असतं, म्हणून खेळ चालतो तो धन टोकाला. वाढत्या टोकांवर बसणाऱ्या ईबी-१ या प्रथिनाला चमक जोडून मी पहिल्यांदा जिवंत पेशी पाहिली, तेव्हा मधून कडेकडे धावणारे शेकडो ठिपके दिसले. ठिपका विझला की समजायचं, ती नळी वाढायची थांबली.

ही उधळपट्टी नाही. विभाजनाच्या वेळी नळ्या अंधारात चाचपडत गुणसूत्र शोधतात. ज्यांना सापडतं त्या टिकतात, बाकीच्या मोडून त्यांचं ट्युब्युलिन पुन्हा वापरात येतं. चेतापेशीच्या लांब तंतूत टाऊसारखी प्रथिनं नळ्यांना आधार देतात, तिथे त्या बऱ्याच जास्त टिकतात.

मोडणं थांबवलं तर काय होतं, ते टॅक्सॉलने कळतं. हे कर्करोगाचं औषध नळ्या घट्ट करतं आणि पेशीचं विभाजन अडतं. कोल्चिसिन उलट नळ्या बांधूच देत नाही, आणि त्यानेही विभाजन अडतंच.