कांद्याआधी शब्द पोचतो

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कांदा निर्यातीत उतरायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. प्रतवारी, गोण्या, भाडं, एलसी म्हणजे बँकेचं पैशाच्या हमीचं पत्र, हे सगळं तू सहा महिन्यांत शिकशील. मला उमगायला पंचवीस वर्षं लागली ती गोष्ट वेगळी आहे. आपण कांदा विकतो, पण परदेशातलं गिऱ्हाईक आपल्या देशाचा शब्दही धरून चालतं.

१४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली तेव्हा माझ्या तीन गाड्या बंगालमध्ये सीमेवरच्या घोजाडांग्याच्या रांगेत उभ्या होत्या. पलीकडे बांगलादेशातलं भोमरा, मध्ये नुसतं फाटक. चौथ्या दिवशी ड्रायव्हरने फोटो पाठवला. खालच्या थरातल्या गोण्या काळ्या पडलेल्या, ताडपत्रीच्या कडेने पाणी ठिबकत होतं. पुढे अडकलेल्या मालापैकी २५ हजार टनांना सूट मिळाली, पण तोवर माझा निम्मा कांदा फेकायच्या लायकीचा झाला होता.

तो तोटा भरून निघाला. ढाक्याच्या आडत्याचा विश्वास मात्र लवकर परत आला नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत सांगून गेल्या होत्या की बंदी घालायची तर आधी कळवा, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. जानेवारी २०२० मधल्या बैठकीत ढाक्याने पुन्हा तेच मागितलं. आणि सप्टेंबरात एका दिवसात दार लागलं. इथले भाव आवरायची दिल्लीची गरज मला कळते. पण शेजाऱ्याला चार दिवस आधी सांगायला काय लागतं? मग त्यांनी तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तानकडे तोंड वळवलं, आणि घरची लागवडही वाढवली.

डिसेंबर २०२३ च्या बंदीचंही नीट वाच. तुझ्या-माझ्यासारख्यांना दार बंद, पण सरकारी सहकारी संस्थेमार्फत बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांद्याची मुभा. तेव्हा कांदा हा बाजाराचा माल राहिलाच नव्हता, तो परराष्ट्र संबंधांचा भाग झाला होता.

विदर्भातल्या संत्रावाल्यांना विचार. किलोला २० टका असलेलं बांगलादेशचं आयात शुल्क काही वर्षांत ८८ टकांवर गेलं. फळ तेच, गोडी तीच, बागाही त्याच.

म्हणून लासलगावचा भाव बघतेस तसं दोन्ही राजधान्यांत कोण कोणाला भेटतंय हेही रोज बघ. सगळा माल एकाच फाटकावर लावू नकोस, श्रीलंका आणि आखातातलं गिऱ्हाईकही जोडून ठेव. आणि ढाक्याला जाशील तेव्हा पहिल्या दिवशी भावाचं बोलूच नकोस. तिथल्या श्यामबाजारात, कांद्याच्या घाऊक बाजारात फिर, तिथला परदेशी कांदा हातात घेऊन बघ, आणि आडत्याला विचार की २०२० च्या सप्टेंबरात त्याने आपल्या गिऱ्हाइकाला कसं तोंड दिलं. तो बोलेल तेवढं सगळं ऐकून घे.

तुझा,
काका